लिफ्टिंगच्या रात्री पक्ष्यांचे हाल कमी कसे करायचे?

शेड_नंबर_दोन (सिन्नर तालुका)

नमस्कार मंडळी. पाच हजार ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं शेड आहे, कंपनीच्या करारावर बॅच घेतो, सहा वर्षं झाली. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, वीज, पाणी आणि झोपमोड आमची. ब्रूडिंगवर, म्हणजे पिल्लांना सुरुवातीला ऊब देण्यावर, इथे एवढं वाचलंय की त्याचं पुस्तक होईल. शेवटच्या रात्रीबद्दल, म्हणजे पक्षी पकडून गाडीत भरायच्या लिफ्टिंगबद्दल मात्र कोणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून विचारतो.

मागची बॅच एप्रिलच्या शेवटी गेली. ४० दिवस, सरासरी २.३ किलो, मर तीन टक्क्यांच्या आत. म्हणजे बॅच चांगली होती. सकाळी सुपरवायझरचा फोन, "रात्री नऊला गाडी लागेल, दुपारी तीनला खाद्य उचला." मी तीनच्या ठोक्याला फीडर वर ओढले. गाडी आली पावणेदोनला. तोवर पक्षी तूस टोचायला लागले होते, एकमेकांच्या शेपटीलाही चोची मारत होते.

ड्रायव्हरने गाडी तोंडानेच दाराशी आणली. हेडलाइट फुल. अंधारातून एकदम उजेड आला आणि कढई कलंडल्यावर तेल जसं एका कडेला जातं तसं सगळं शेड पलीकडच्या कोपऱ्यात गेलं. चार-चार थर. मी आणि भाऊ धावलो, हाताला येईल तो पक्षी उपसून मागे टाकत गेलो. खालचे गरम होते, पण चपटे झालेले. तुरे जांभळे. सकाळी मोजले, ३१. गुणिले २.३ म्हणजे ७१ किलो. काट्यावर चढायच्या आधी मेले, तेव्हा ते माझ्याच मरीत. चाळीस दिवस खाल्लेलं खाद्य माझ्या एफसीआरमध्ये (किलोभर वजनामागे किती खाद्य लागलं त्या हिशेबात), वजन कुणाच्याच खात्यात नाही.

पुढचं पकडणं. एका हातात चार, दुसऱ्या हातात चार, एकेका तंगडीला धरून. मुळा मोडावा तसा आवाज मी दोनदा ऐकला. मग दहा-दहाची मोळी बांधून काट्याच्या हुकाला उलटी टांगायची. काटा इलेक्ट्रॉनिक. पक्षी फडफडतात तोवर आकडा नाचतो, त्यामुळे ते दमून गप्प होईपर्यंत थांबायचं. आकडा ठरला की वजन लिहायचं. म्हणजे पक्षी थकला हेच वजन बरोबर असल्याची खूण!

आई माळकरी आहे. घरात अंडंसुद्धा चालत नाही, पण पिल्लं उतरली की पहिलं गुळाचं पाणी तीच देते. लिफ्टिंगच्या रात्री मागची खिडकी लावून झोपते. त्या दिवशी सकाळी म्हणाली, "कापायला जातात ते मला कळतंय रे. पण रात्रभर ओरडत का होती?" मी चहा पीत राहिलो.

तर प्रश्न असे. खाद्य नक्की किती तास आधी काढायचं? पकडायची बरी पद्धत कोणती? कोपऱ्यात दाटी होऊ नये म्हणून काय करता? आणि सगळ्यात अवघड म्हणजे पकडणारी टोळी माझी नाही, माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याची आहे. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

रोखठोक_पोल्ट्री

भाऊ, राग मानू नका. तुमच्या शेडातून निघालेला पक्षी सहा-आठ तासांत दुकानात कापला जाणार. त्याला पायाला धरलं काय आणि पाळण्यात घालून नेलं काय. ३१ मेले त्याबद्दल ड्रायव्हरकडे भांडा, तो तुमचा हक्क आहे. बाकी एवढा विचार करायचा तर हा धंदा आपला नाही.

शेड_नंबर_दोन

राग नाही. बाप ईदच्या आधी बोकड विकायचा. सकाळी त्याला पाणी पाजायचा आणि कान धरून न ओढता पुढे सुबाभळीची डहाळी धरून गिऱ्हाइकाच्या गाडीपर्यंत न्यायचा. बोकडाचं पुढे काय होणार हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. धंदा मी सोडणार नाही, कर्ज आहे शेडवर. म्हणून तर विचारतोय.

कोंबडीचा_डॉक्टर

मी पशुवैद्यक. बावीस वर्षं पोल्ट्रीत आहे, त्यातली पाच प्रोसेसिंग प्लांटवर काढली. प्लांटवर बसलं की शेडातली रात्र कशी गेली ते मांसावर वाचता येतं, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी खाद्य. लोक तास मोजतात ते लिफ्टिंगपर्यंत, आणि तिथेच चूक होते. फीडर वर गेल्यापासून मानेवर सुरी फिरेपर्यंत सगळे मिळून ८ ते १२ तास व्हायला हवेत. गाडीतला आणि दुकानातला वेळ त्यातच धरायचा. त्याहून कमी ठेवलं तर पोट भरलेलं राहतं आणि क्रेटमध्ये वरचा पक्षी खालच्याला घाण करतो. फार लांबलं तर आतड्याचं अस्तर पातळ होतं, साफ करताना फाटतं, सगळी घाण मांसाला लागते. शिवाय भुकेला पक्षी तूस गिळतो ते वेगळंच. तुमच्याकडे तीनपासून पावणेदोन म्हणजे पावणेअकरा तास शेडातच संपले. गाडी कल्याण-भिवंडीला गेली असेल तर पक्षी कापला गेला तेव्हा सोळा-सतरा तास सहज झाले असणार. वजनही तासागणिक उतरत राहतं, म्हणजे तो तोटाही तुमचाच.

तेव्हा सकाळच्या फोनवर फीडर उचलू नका. गाडी आधीच्या ठिकाणाहून निघाली की ड्रायव्हरकडून फोन घ्या. गाडी मुंबईकडची असेल तर पकडण्याआधी चार-पाच तास पुरतात. पाणी मात्र बंद करायचं नाही. पहिला पक्षी हातात येईपर्यंत ड्रिंकर खाली राहू द्या, आणि उचलायचे तेव्हाही ज्या भागात पकडताय तिथलेच उचला.

आता उलटं टांगणं. आपल्याला छाती आणि पोट यांच्यामध्ये पडदा असतो. कोंबडीला तसा स्नायूचा पडदा नसतो. उलटी धरली की आतडी, यकृत, सगळं फुप्फुसावर आणि हवेच्या पिशव्यांवर येऊन पडतं. तुमचा पक्षी काट्यावर दमून गप्प होतो असं तुम्ही लिहिलंय. तो नुसता दमत नाही, त्याला श्वास घेता येत नाही.

मुळा मोडल्याचा आवाज तुम्ही बरोबर ऐकलात. आजचा ब्रॉयलर चाळीस दिवसांत सव्वादोन किलो होतो. मांस वाढतं, सांधे तेवढे पिकलेले नसतात. एका तंगडीने उचलून झटका दिला की मांडीचं हाड खुब्यातून निखळतं आणि आत रक्तस्राव होतो. गाडी उतरवताना मेलेले निघतात त्यांतले काही असेच गेलेले असतात, आणि आपण सगळ्यांना "उन्हाने मेले" म्हणून मोकळे होतो.

सगळ्यात बरं म्हणजे दोन्ही हातांनी, पंख अंगाशी दाबून, पक्षी उभाच उचलायचा. एका खेपेला एक, फार तर दोन. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत ब्रॉयलरसाठी वेगळं प्रकरण आहे, त्यातही मानेला किंवा पंखांना धरून उचलू नये असं स्पष्ट आहे. पंख अंगाशी धरणं वेगळं आणि पंखाला धरून लटकवणं वेगळं, यात लोक घोळ करतात. टोळीला हे जमणारच नसेल तर निदान दोन्ही पाय एकत्र धरा, एका हातात दोन-तीनच, आणि क्रेट पायाशी आणा म्हणजे उलटं चालत जायचं अंतर कमी होईल.

मार केव्हा लागला यावरून शेतकरी, व्यापारी आणि दुकानदार एकमेकांवर ढकलत असतात. डागाचा रंग बघा. ताजा मार लाल. बारा तासांचा गडद जांभळट लाल. एक दिवस झाला की त्यात हिरवट झाक येते, दोन दिवसांनी पिवळट हिरवा. दुकानात सकाळी हिरवा डाग निघाला तर तो रात्रीच्या टोळीचा नाही, शेडातला आहे. लाल किंवा जांभळा असेल तर पकडणं किंवा गाडी.

क्रेटची दाटी मोजायला पट्टी घ्या. युरोपातल्या वाहतुकीच्या नियमात १.६ ते ३ किलोच्या पक्ष्याला किलोमागे १६० चौरस सेंटिमीटर जागा धरतात. तुमचा क्रेट आतून ९० बाय ५५ असेल तर ४९५० भागिले १६०, म्हणजे साधारण ३१ किलो. २.३ किलोचे तेरा पक्षी झाले. हा थंड हवेतला हिशेब. एप्रिल-मेमध्ये मी दहावर थांबायला सांगतो. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून गार होते. शेजारी दाटीवाटी असली तर धाप टाकून बाहेर जाणारी वाफ तिथेच कोंडते.

कायद्याचंही सांगतो, कारण पुढे कोणी विचारेलच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. हो, बरोबर वाचलंत. वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांना २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि कोंबड्यांसाठी वेगळं प्रकरण आलं. ऊन-पाऊस लागू द्यायचा नाही, उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी पाजायचं, असं त्यात आहे. २०१७ मध्ये विधी आयोगाने कोंबड्यांचं पालन आणि वाहतूक या विषयावर २६९ वा अहवाल दिला, नियमांचा मसुदाही जोडला. मी कागदाच्या जोरावर आजवर एकही गाडी सुधारलेली पाहिली नाही, पण वाद झाला तर हातात असावं.

लंगडा, आजारी, मान टाकलेला पक्षी गाडीत घालू नका. तो शेडावरच संपवायचा, आणि झटक्यात संपवायचा. मान निखळवण्याची रीत जवळच्या पशुवैद्यकाकडून समोर उभं राहून शिका. लिहून शिकण्यासारखी ती गोष्ट नाही.

रातपाळी

मी पेठ तालुक्यातला. चार वर्षं पकडायला जात होतो, आता नाशकात बांधकामावर आहे. डॉक्टरसाहेबांनी सगळं बरोबर लिहिलं, पण आमची बाजू पण लिहितो.

आम्हाला गाडीमागे पैसे मिळायचे. गाडी भरली की इतके रुपये, सहा जणांत वाटून. एका रात्रीत दोन शेडं झाली तर दुप्पट, म्हणून पहिल्या शेडावर जेवढी घाई होईल तेवढी करायची. वाकून वाकून कंबर मोडते. तुसातल्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं. कोंबडी नखाने हाताची कातडी सोलते. रात्री तीन वाजता चार पक्षी एका हातात धरले की दोनच्या ऐवजी, तर निम्म्या खेपा वाचतात. क्रूर म्हणून कोणी धरत नाही. खेप वाचते म्हणून धरतात.

मालक लोक लांब खुर्ची टाकून बसतात आणि तिथून ओरडतात, "अरे हळू!" हळू केलं तर आमचं दुसरं शेड जातं, त्याचे पैसे कोण देणार? एकदा घोटीकडे एका म्हाताऱ्या मालकाने आल्या आल्या चहा आणि शेव दिली, आणि मुकादमाला म्हणाले, "गाडीत मोडका पाय निघाला नाही तर माझ्याकडून प्रत्येकाला शंभर वर." त्या रात्री आम्ही दोन-दोन धरले. घड्याळ पाहिलं होतं, तासभर जास्त लागला. त्या मालकाकडे जायला पोरं भांडायची.

बाकी हातमोजे द्या. सुती, भाजीवाले वापरतात तसले पण चालतात. नख लागत नाही मग पक्षी फेकावासा वाटत नाही.

घाटरस्ता

नमस्कार, मी गाडीवाला. जाळीची गाडी आणि क्रेटची गाडी, दोन्ही चालवल्यात. हेडलाइटची चूक आमच्यातली नवीन पोरं करतात. गाडी पाठीने लावायची, दिवे बंद, नुसता मागे उभ्या माणसाच्या आवाजावर.

माल मरतो तो चालत्या गाडीत नाही, उभ्या गाडीत. गाडी चालू असली की वारा आरपार जातो. थांबली की मधल्या खणात हात घालून बघा, भट्टी. मी उन्हाळ्यात भरल्या गाडीने चहाला थांबत नाही. थांबावंच लागलं तर वाऱ्याला आडवी लावतो, दहा मिनिटांत निघतो. कसाऱ्याला ट्रक आडवा झाला आणि दोन तास अडकलो, त्या दिवशी मधल्या दोन ओळी गेल्या होत्या. आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ च्या जूनपासून चालू झाल्यावर मी गोंद्याहून त्यावर चढतो, घाट लागतच नाही, आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून थेट खाली. टोल जातो, पण थांबायचा धोका टळतो. व्यापारी टोलवरून कुरकुर करतो, त्याला मेलेल्यांचा हिशेब दाखवला की गप्प बसतो.

पाणी मारायचं तर निघताना मारा, आणि गाडी लगेच हलणार असेल तरच. उभ्या गाडीवर पाणी मारलं की आत वाफारा होतो, ते न मारलेलं बरं. हिवाळ्यात सिन्नरकडून पहाटे निघताना उलटं, पुढच्या ओळीला ताडपत्री बांधावी लागते. ओला पक्षी आणि पहाटेचा वारा, सकाळपर्यंत आखडतो.

चिकन_सेंटर_कल्याण

दुकानदाराची बाजू कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. सकाळी सहाला माल उतरतो. शेवटचा पक्षी कापला जातो रात्री नऊला. म्हणजे डॉक्टरांचे बारा तास माझ्या पिंजऱ्यात केव्हाच उलटून जातात. त्यामुळे मी पिंजऱ्याला पाण्याची पन्हळ लावली आणि रोजचा माल दोनदा मागवायला लागलो, थोडा सकाळी, थोडा दुपारी. दुपारची गाडी देणारा व्यापारी मिळायला वर्ष गेलं.

आधी ड्रम होता. मान कापली की ड्रममध्ये टाकायचा, आत धडधड चालायची, गिऱ्हाईक मोबाइल बघत उभं. आता पत्र्याचे शंकू भिंतीला लावलेत. पक्षी डोकं खाली घालून त्यात बसतो, पंख पसरायला जागाच नाही, त्यामुळे फडफड नाही आणि पंख मोडत नाही. शिवाय पिंजरा आणि कापायची जागा यांच्यामध्ये पार्टिशन घातलं. कत्तलखान्याच्या २००१ च्या नियमांत एका जनावरासमोर दुसरं कापू नये असं आहेच. मला नियमाने कोणी विचारलं नाही. माझी मुलगी शाळेतून दुकानात यायची, ती पिंजऱ्याकडे पाठ करून बसायची, म्हणून घातलं.

मांडीवर जांभळा डाग असलेला माल गिऱ्हाईक परत करतं. "भैया, ये काला क्यूँ है?" तो तुकडा मी कापून टाकतो आणि वजनात माझं जातं. तेव्हा शेड_नंबर_दोन, तुमची रात्र माझ्या गल्ल्यात दिसते.

शेड_नंबर_दोन

मंडळी, सगळ्यांचे आभार. धागा वर आणतोय, कारण कालपरवा पुढची बॅच गेली. काय जमलं आणि काय नाही ते सांगतो.

रातपाळी, तुमचं वाचून मी दोन दिवस गप्प होतो. सहा वर्षं मीही खुर्ची टाकूनच बसत होतो, आणि "हळू" म्हणून ओरडतही होतो. मी टोळीला चुकीचं वागतात म्हणून बघत होतो आणि त्यांचा रोज कसा मोजला जातो ते एकदाही विचारलं नव्हतं. या वेळी आधी मुकादमाचा नंबर मिळवला. संध्याकाळीच त्याला सांगितलं, की शेडात दबून किंवा पाय मोडून पाचच्या वर गेले नाहीत तर माझ्याकडून टोळीला वेगळे बाराशे. ३१ पक्ष्यांत माझं गेलं होतं त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. तो हसला, म्हणाला, "साहेब, लिहून देता का?" व्हॉट्सॲपवर लिहून दिलं.

दाटीसाठी कांदाचाळीची उरलेली जाळी कामाला आली. बांबूच्या चौकटी केल्या, अडीच फूट उंच, आणि शेड आडवं कापत गेलो. एका वेळी दीड-दोनशे पक्षी अलगद पुढे घ्यायचे, बाकीचे मागे बसलेले. पक्षी हाकायला टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. एका पोराने मोबाइलवर गाणं लावलं, मुकादमानेच बंद करायला लावलं. दोन पिवळे बल्ब होते त्यांना पतंगाचा निळा कागद गुंडाळला. निळ्या उजेडात कोंबडीला नीट दिसत नाही म्हणतात. खरंच, हात लागेपर्यंत बसून होत्या. मी पहिल्यांदा माझं शेड लिफ्टिंगच्या वेळी शांत पाहिलं. फक्त क्रेटचं झाकण सरकल्याचा आवाज आणि कुणाचा तरी खोकला.

गाडी या वेळीही दीड तास उशिरा आली. पण फीडर मी ड्रायव्हर आधीच्या शेडातून निघाल्यावरच उचलले होते. सुपरवायझर नाराज झाला. "पोट भरून वजन द्यायचंय का?" असं म्हणाला. त्याला डॉक्टरांचा तासांचा हिशेब वाचून दाखवला. पटला की नाही माहीत नाही, वाद मात्र तिथेच थांबला.

पहिल्या रात्री क्रेटची गाडी होती. रिकामा क्रेट आधी काट्यावर ठेवून वजन वजा केलं, मग भरलेला क्रेट सरळ काट्यावर. टांगणं नाही, मोळी नाही, आणि आकडा लगेच स्थिर. यात उलट वेळ वाचला हे व्यापाऱ्याच्या माणसानेही मान्य केलं. क्रेटमध्ये अकरा घातले. दहावर तो तयार होईना, तेरावर मी.

दोन-दोन पक्षी, दोन्ही पाय धरून. उभा पक्षी दोन हातांनी उचलणं सहाजणांत एकानेच केलं, तेही अर्धा तास. मग कंबर धरून बसला. मी स्वतः करून बघितलं. शंभरेक पक्ष्यांनंतर माझेही हात पायांकडेच जायला लागले. लिहिणं सोपं आहे हे.

दुसऱ्या रात्री मात्र व्यापाऱ्याने जुनी जाळीची गाडी पाठवली. खणाचं दार वीतभर, त्यात पक्षी कोंबावा लागतो, पंख अडकतो. आणि वजन परत हुकाला टांगून. मी दहाच्या ऐवजी पाचची मोळी करायला लावली, त्यापलीकडे माझं चाललं नाही. तिथे एकाचा पाय गेला, मी तो बाजूला घेतला. डॉक्टर, मान निखळवायची रीत मी तुमच्या म्हणण्याप्रमाणे आधीच आमच्या गावातल्या पशुवैद्यकाकडून शिकून ठेवली होती. एका झटक्यात झालं. पण हात नंतर बराच वेळ थरथरत होता.

दोन्ही रात्री मिळून शेडात तीन गेले, एक मी संपवला तो धरून चार. बाराशे रुपये मुकादमाच्या हातात दिले. वेळ गाडीमागे पाऊण तास जास्त लागला. जाताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी हातमोजे पण ठेवा, देतो म्हणाला होतात ते विसरलात." विसरलोच होतो.

आईची खिडकी या वेळीही बंदच होती. सकाळी तिने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. ती आता शेडाच्या सफाईच्या मागे लागलीय, तूस कधी काढणार म्हणून.

दोन गोष्टी अजून विचारायच्यात. पतंगाचा कागद बल्बच्या उष्णतेने करपला, मध्येच जळका वास सुटला आणि मी घाबरून काढून टाकला. तुसात आग लागली असती. कुक्कुटपालनासाठी चालेल असा निळा एलईडी नाशकात कुठे मिळतो? आणि क्रेटचीच गाडी पाठवा असं कंपनीच्या करारात कुणी लिहून घेतलंय का? घेतलं असेल तर ते वाक्य कसं लिहिलंय, तेवढं इथे टाका.